घड्याळ एकच, पहाट आपापली

नोव्हेंबरअखेरची एक संध्याकाळ. बिबवेवाडीतील आमच्या सोसायटीच्या बाकावर नित्याप्रमाणे चार-सहा ज्येष्ठ मंडळी बसली होती. सव्वापाच वाजले होते. तळजाईच्या टेकडीवर अजून चांगले ऊन होते आणि खाली मुलांचा क्रिकेटचा डाव ऐन रंगात आला होता. इतक्यात एका निवृत्त गृहस्थांचा दूरध्वनी वाजला. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त सहकुटुंब अंदमानात आहे. पलीकडून नात बोलत होती. "आजोबा, इथे अंधार पडलाय. आई खेळायला सोडत नाही."

"अगं, पाच तर वाजलेत!" आजोबा म्हणाले.

"हो, पण सूर्य गेला ना!"

तेवढ्या संवादावरून बाकावर वाद पेटला. एकजण म्हणाले, "मग देऊन टाकावी ना त्यांना वेगळी प्रमाणवेळ! सगळ्या जगात असते." दुसरे तत्काळ उत्तरले, "मुळीच नाही. एक राष्ट्र, एक वेळ!" दोघेही तळमळीने बोलत होते. परंतु दोघांनीही त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. पहिल्याने तिला वेगळे घड्याळ देऊ केले, दुसऱ्याने घोषणा दिली. तिला हवे होते ते खेळायला थोडे ऊन! हा लेख त्या मुलीच्या बाजूने आहे.

सूर्याचे गणित

प्रथम वस्तुस्थिती पाहू. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून ठरते. सूर्याला एक अंश ओलांडण्यास चार मिनिटे लागतात. पुणे या रेषेच्या पश्चिमेस पावणेनऊ अंशांवर, म्हणून आपली खरी मध्यान्ह घड्याळात साधारण १२ वाजून ३५ मिनिटांनी होते. पोर्ट ब्लेअर, म्हणजे सप्टेंबर २०२४ मध्ये ज्याचे नामकरण श्री विजयपुरम असे झाले ते नगर, या रेषेच्या पूर्वेस सव्वादहा अंशांवर. तेथे मध्यान्ह सुमारे ११ वाजून १९ मिनिटांनीच होते. पुणे आणि श्री विजयपुरम यांच्या सूर्यांत सव्वा तासाचे अंतर पडते.

याचा परिणाम असा, की जूनमध्ये तेथे पहाटे पाचच्या आत सूर्य उगवतो. त्या वेळी पुण्यात अंधार असतो. नोव्हेंबरच्या अखेरीस तेथे सायंकाळी पाचच्या आत सूर्य मावळतो, तर पुण्यात तो आणखी तासभर रेंगाळतो. अंदमान-निकोबारमधील माणूस कामाला लागतो तेव्हा सूर्य कधीचा वर आलेला असतो, आणि काम संपवून घरी येतो तेव्हा दिवेलागण झालेली असते. दिवे पेटतात ते कशावर? या बेटांवरील बहुतांश वीज आजही डिझेलवर चालणाऱ्या जनित्रांतून येते आणि ते डिझेल मुख्य भूमीवरून, सुमारे बाराशे किलोमीटरचा सागर ओलांडून जहाजांनी न्यावे लागते. पहाटेचे फुकटचे ऊन वाया घालवायचे आणि संध्याकाळी समुद्रापलीकडून आणलेले तेल जाळायचे, असा हा व्यवहार आहे.

प्रस्ताव आणि त्यातील तथ्य

ऑक्टोबर २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी 'करंट सायन्स' या नियतकालिकात एक प्रस्ताव मांडला. देशात दोन प्रमाणवेळा असाव्यात. दुसरी ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे असावी आणि ती ईशान्येकडील सात राज्ये व अंदमान-निकोबार द्वीपसमूहास लागू करावी, असे त्यांचे म्हणणे होते. ही तीच प्रयोगशाळा आहे, जी देशाची अधिकृत वेळ राखते. तेव्हा या मंडळींना राष्ट्रविरोधी ठरवून मोकळे होणे हा शुद्ध उतावीळपणा ठरेल. त्यांनी मांडलेली अडचण खरी आहे. साडेसहाची वेळ श्री विजयपुरमच्या सूर्याला अधिक जवळची आहे, हेही गणिताने मान्य करावे लागते.

शिवाय, या प्रस्तावावर सर्वांत मोठा आक्षेप रेल्वेचा घेतला जातो. सीमेवर घड्याळ बदलले की गाड्यांच्या वेळापत्रकात गोंधळ होऊन अपघात होतील, असे सांगितले जाते. हा आक्षेप बेटांना लागू होत नाही. तेथे ना रूळ, ना सीमेवरचे स्थानक. वेगळी वेळ दिली म्हणून अंदमान फुटून निघेल, अशी बालिश भीतीही आम्ही घालणार नाही. ज्या भूमीवर ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी तिरंगा फडकविला, तिची निष्ठा तासाभराच्या फरकाने ढळत नसते.

केंद्र शासनाने हा प्रस्ताव स्वीकारला नाही. त्यापूर्वी २००१ मध्ये नेमलेल्या समितीचा निष्कर्षही २००४ मध्ये संसदेसमोर आला होता आणि त्यातही बदलाची शिफारस नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये तर सर्व अधिकृत व व्यापारी व्यवहारांत भारतीय प्रमाणवेळच वापरावी, अशा नियमांचा मसुदा प्रसिद्ध झाला. निर्णय योग्यच आहे. पण योग्य निर्णयामागे योग्य विचारही असावा लागतो. तो नसेल, तर एकात्मतेची घोषणा ही आळसावर पांघरलेली शाल ठरते.

वेळ ही केवळ सूर्याची गोष्ट नव्हे

दुसऱ्या वेळेच्या पुरस्कर्त्यांचा मुख्य युक्तिवाद असा, की प्रमाणवेळ हा शास्त्राचा विषय आहे, त्यात राष्ट्रभावना आणू नये. जगातील दूरदूरच्या बेटांचा इतिहास काय सांगतो ते पाहावे.

प्रशांत महासागरात किरिबाटी नावाचे चिमुकले राष्ट्र आहे. त्याच्या बेटांमधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जात असल्यामुळे एकाच देशात एका बाजूला सोमवार तर दुसऱ्या बाजूला रविवार असे. दोन्हीकडची कार्यालये एकाच वेळी उघडी असत ती आठवड्यातील चारच दिवस. १९९५ मध्ये या राष्ट्राने वाररेषाच आपल्या पूर्व टोकापलीकडे ढकलली आणि सारा देश एका तारखेत आणला. सामोआने १८९२ मध्ये अमेरिकेशी व्यापार सोयीचा जावा म्हणून तारीख मागे घेतली होती. २०११ मध्ये ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडशी संबंध वाढले, तेव्हा त्याने ३० डिसेंबर हा दिवसच दिनदर्शिकेतून वगळून पुन्हा पलीकडे उडी मारली. सूर्य दोन्ही वेळी तोच होता. बदलले होते ते राष्ट्राचे हित.

याहून बोलके उदाहरण मलेशियाचे. त्या देशाचा एक भाग द्वीपकल्पावर आणि दुसरा, सबाह व सारवाक, समुद्रापलीकडे बोर्निओ बेटावर. दोहोंच्या वेळेत अर्ध्या तासाचा फरक होता. १ जानेवारी १९८२ रोजी राजधानीने आपले घड्याळ अर्धा तास पुढे करून सागरापलीकडील बांधवांची वेळ स्वीकारली. दूरच्या बेटाने राजधानीकडे यावे असा हट्ट न धरता राजधानीच बेटाकडे गेली!

कुणी म्हणेल, इंडोनेशियात तीन वेळा आहेत, तरी तो देश एकसंध आहे. मान्य. पण तो देश पूर्व-पश्चिम सेहेचाळीस अंश पसरला आहे; आपण एकोणतीस. तेथे सूर्याचे अंतर तीन तासांचे आहे, आपल्याकडे दोन तासांहून कमी. आणि चीनचे उदाहरण उलट बाजूने बोध देते. बीजिंगने सर्व देशाला एक वेळ दिली, पण पश्चिमेकडील शिनजियांगच्या दिनक्रमाची चिंता केली नाही. परिणामी तेथे दोन तास मागचे अनधिकृत घड्याळ चालते आणि कोण कोणती वेळ सांगतो यावरून तो कोणत्या समाजाचा हे ओळखता येते. एक वेळ लादली आणि माणसांची दखल घेतली नाही, तर एकाच गावात दोन मने तयार होतात.

बंदिवानांच्या बेटाने आधी स्वीकारलेली वेळ

आता आपल्या इतिहासाकडे वळू. १ जानेवारी १९०६ रोजी इंग्रज सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली. मुंबईने ती मानली नाही. 'मुंबई वेळ' नव्या वेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. गिरणी कामगारांनी नव्या घड्याळाला विरोध केला, नगरपालिकेने जुनी वेळच धरून ठेवली आणि १९५० च्या दशकापर्यंत ती कुठे ना कुठे रेंगाळत राहिली. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ पर्यंत सोडली नाही. परक्या सत्तेने न विचारता लादलेल्या घड्याळाला झालेला तो विरोध समजण्यासारखा होता.

पोर्ट ब्लेअरलाही १९०६ पूर्वी स्वतःची स्थानिक वेळ होती. मद्रासच्या वेळेपेक्षा सुमारे पन्नास मिनिटे पुढे. ती मात्र निमूटपणे गेली. बंदिवानांच्या वसाहतीला कोण विचारणार? त्याच १९०६ साली तेथील सेल्युलर कारागृहाचे बांधकाम पूर्ण झाले. ४ जुलै १९११ रोजी स्वातंत्र्यवीर सावरकरांना त्या कारागृहात आणले गेले. त्यांच्या बिल्ल्यावर सुटकेचे वर्ष कोरलेले होते, १९६०. माणसाचा काळ आपल्या मुठीत आहे असे मानणाऱ्या साम्राज्याची ती उद्दाम नोंद होती. १९६० उजाडण्यापूर्वीच ते साम्राज्य येथून गेले आणि त्या नगराच्या विमानतळाला आज सावरकरांचे नाव आहे.

मुंबई-कलकत्त्यासारखी धनाढ्य महानगरे आपापल्या घड्याळाचा हट्ट धरून बसली असताना, राष्ट्राची एक वेळ प्रथम पाळली ती या दूरच्या बेटाने. त्या बेटाला आता 'तुझी वेळ वेगळी' असे सांगणे शहाणपणाचे नाही. आणि 'एक वेळ पाळतोस ना, मग अंधारात बस' असे सांगणे माणुसकीचे नाही.

एकच क्षण

एका घड्याळाचे मोल काय, हे ज्यांना घोषणेपलीकडे समजून घ्यायचे असेल त्यांनी २६ डिसेंबर २००४ ची सकाळ आठवावी. भारतीय वेळेनुसार ६ वाजून २९ मिनिटांनी सुमात्राच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळ हादरला. पुण्यात तेव्हा सूर्य उगवायचा होता, चेन्नईत तो नुकताच उगवत होता आणि ग्रेट निकोबारमधील कॅम्पबेल बे येथे तो उगवून तास होऊन गेला होता. त्या कॅम्पबेल बेच्या परिसरात १९६९ पासून माजी सैनिकांची कुटुंबे वसविण्यात आली होती. पंजाबची, महाराष्ट्राची, उत्तर प्रदेशाची, तामिळनाडूची. सीमेचे रक्षण करून निवृत्त झालेली ही माणसे देशाच्या दक्षिण टोकाशी पुन्हा पहारेकऱ्यासारखी जाऊन राहिली. त्या सकाळी समुद्राने त्यांच्या वस्त्यांवर घाला घातला आणि इंदिरा पॉइंटची भूमी चार मीटरहून अधिक खचली.

आज हैदराबादच्या केंद्रातून त्सुनामीचा इशारा निघतो, तेव्हा तो दिल्लीत, चेन्नईत, श्री विजयपुरमला आणि कॅम्पबेल बेला एकाच आकड्यात पोहोचतो. 'लाट अमुक वाजता' म्हटले की कुणालाही तास मिळवावा वा वजा करावा लागत नाही. जेथे मिनिटांवर प्राण अवलंबून असतात तेथे ही सोय लहान नव्हे. नौदल, वायुदल व भूदलाचे २००१ पासून कार्यरत असलेले संयुक्त कमांड, विमाने, जहाजे, देशव्यापी परीक्षा या सर्वांना तेच लागू आहे. निकोबारच्या दक्षिणेस दीडशे किलोमीटरवरील सुमात्रात घड्याळ आपल्यापुढे दीड तास, तर अंदमानच्या उत्तरेस म्यानमारच्या कोको बेटांवर एक तास. अशा जागी भारताचे घड्याळ भारताचेच असावे, यात भावनेइतकाच व्यवहारही आहे.

पंचांगाने शिकविलेला धडा

मग अंधाराचे काय? याचे उत्तर विदेशात शोधण्याची आवश्यकता नाही. ते आपल्या देवघराशेजारी टांगलेल्या पंचांगात आहे.

आपल्या पूर्वजांना देशांतराचे ज्ञान होते. लंका, उज्जयिनी व कुरुक्षेत्र यांमधून जाणारी मध्यरेषा कल्पून तिच्या पूर्वपश्चिमेच्या गावांसाठी 'देशांतर संस्कार' करण्याची पद्धत ज्योतिषसिद्धांतांत आहे. तिथी कोणत्या क्षणी संपते, हे चंद्र-सूर्यांच्या अंतरावर ठरते. तो क्षण साऱ्या देशाला एकच असतो. परंतु व्रत कोणत्या दिवशी करावे, हे आपापल्या गावच्या सूर्योदयावरून ठरते. म्हणून क्वचित एका प्रांतात एकादशी आज, तर दुसऱ्यात उद्या येते. तेवढ्याने कधी हिंदू समाज दुभंगला काय? क्षण सामायिक, आचार स्थानिक, ही आपली रीत आहे.

स्वतंत्र भारतानेही हाच समन्वय साधला. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने राष्ट्रीय दिनदर्शिकेसाठी मध्यवर्ती स्थान ठरविले, तेव्हा रेखांश घेतला प्रमाणवेळेचा, ८२ अंश ३० मिनिटे, आणि अक्षांश घेतला उज्जयिनीचा, २३ अंश ११ मिनिटे. आधुनिक घड्याळ आणि प्राचीन वेधपरंपरा यांची ती सुंदर गाठ होती.

खरा अपराधी: 'दहा ते पाच'

ही दृष्टी आपण गमावली ती इंग्रजी कचेरीने. 'दहा ते पाच' ही काही ईश्वराने नेमलेली वेळ नव्हे. साहेबाच्या सोयीने ठरलेला तो दिनक्रम आपण वेदवाक्य मानून बसलो आणि कच्छपासून निकोबारपर्यंत एकाच साच्यात माणसे बसवू लागलो. घड्याळ एक असावे हा विचार, आणि सर्वांनी एकाच आकड्यावर उठावे, जेवावे, झोपावे हा अविचार. आपण दोहोंत गल्लत केली.

बिबवेवाडीकरांना हा भेद कुणी समजावून सांगायला नको. शेजारच्या गुलटेकडी मार्केट यार्डात भल्या पहाटे भाजीचे व्यवहार सुरू होतात. तेथील हमालासाठी कुणी वेगळी प्रमाणवेळ मागितली नाही. कामाने आपली वेळ निवडली. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा लागू करताना कार्यालयांची वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी बदलली. फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय झाला. एकाही घड्याळाचा काटा हलला नाही. शासन निर्णयाचा एक कागद निघाला आणि लाखो घरांचा दिनक्रम बदलला.

हेच अंदमान-निकोबारमध्ये उलट दिशेने का करू नये? शाळा सकाळी लवकर भरवा आणि दुपारी लवकर सोडा. कार्यालये, न्यायालये, बाजारपेठांचे तास सूर्याबरोबर पुढे आणा. जेथे दिल्ली-चेन्नईशी सतत संपर्क लागतो, तेथे दोन पाळ्या ठेवा. कुणी विचारील, मग घड्याळच पुढे केले तर काय बिघडले, संपर्काचे तास तर दोन्ही रीतींत तितकेच घटतात? भेद असा आहे, की घड्याळ बदलणे म्हणजे सर्वांना, बारमाही, एकाच मापाने तासभर ढकलणे. दिनक्रम बदलणे म्हणजे शाळेला एक माप, बँकेला दुसरे, जूनला एक, नोव्हेंबरला दुसरे. पहिल्यासाठी नवी सीमारेषा आखावी लागते. दुसऱ्यासाठी इच्छा पुरते. साऱ्या देशाचेच घड्याळ अर्धा तास पुढे करावे, असाही एक पर्याय सुचविला जातो. पण मग जानेवारीत पुण्यातील सूर्योदय साडेसातच्या पुढे जाईल आणि एका मुलाचा अंधार काढून दुसऱ्याच्या दारात ठेवल्यासारखे होईल.

आसामच्या चहामळ्यांत अनेक वर्षे 'बागान वेळ' चालते. तेथे घड्याळच तासभर पुढे ठेवतात. शासनाने लक्ष दिले नाही, म्हणून मळ्यांनी आपला मार्ग काढला. ही लोकांची हुशारी खरी, पण ती राजधानीच्या अनास्थेची पावतीही आहे. बेटांवर प्रत्येकाने आपापले घड्याळ करण्याची पाळी आणू नये.

आपले उत्तरदायित्व

वाचकहो, शेवटचे चार शब्द आपल्याच मंडळींसाठी. बेटांची नावे बदलली, त्याचा आम्हांला आनंद आहे. रॉस बेट नेताजींच्या नावाने ओळखले जाते, एकवीस बेटांना २०२३ मध्ये परमवीरांची नावे मिळाली. आपल्यापैकी अनेकजण अंदमानला जातात, सावरकरांच्या कोठडीपुढे माथा टेकतात, डोळे पुसतात आणि परततात. ते तीर्थाटन होय. पण त्या भूमीवर आज राहणाऱ्या माणसाला संध्याकाळी किती ऊन मिळते, असे आपल्यापैकी कितीजणांनी विचारले? भूमीवर प्रेम करायचे आणि भूमीवरच्या माणसाचा दिनक्रम दिल्लीच्या सवयीवर सोडायचा, हे अर्धे राष्ट्रप्रेम झाले.

'एक राष्ट्र, एक वेळ' ही घोषणा जो देतो, त्याने तिची किंमतही मोजावी. ही किंमत पैशांत नाही, लक्ष देण्यात आहे. ज्यांनी दुसरे घड्याळ मागितले त्यांना नकार देण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच पोहोचतो, जेव्हा पहिल्याच घड्याळात त्यांची सोय लावून दाखवू.

आमच्या बाकावरचे ते आजोबा हल्ली एक गोष्ट करतात. नातीला दूरध्वनी करायचा तो पाचला नव्हे, दुपारी साडेतीनला. "तिच्याकडे उन्हे कलायला लागली असतात तेव्हा," ते सांगतात. त्यांनी घड्याळाला हात लावला नाही. आपला दिनक्रम तिच्या सूर्याप्रमाणे बदलला, इतकेच. एका आजोबांना जे सुचले, ते शासनाला सुचायला इतका उशीर का?